काउंटरच्या वर बुशशर्ट, खाली धोतर

'कापूस पिकवणाऱ्याच्या अंगात कापूसच हवा.' हे वाक्य माझं. धुळ्याला कॉलेजात असताना आमच्या गटाने जे पत्रक काढलं त्याचा हा मथळा. छापखान्यातल्या माणसाने तो जाड टाइपात बसवला आणि शाई वाळायच्या आत मी तो चारदा वाचला.

पत्रकात जे लिहिलं ते मला आजही खरं वाटतं. खानदेशच्या काळ्या रानात कापूस येतो. गाड्याच्या गाड्या जिनिंगच्या दारात उभ्या राहतात. ज्याने तो पिकवला तोच माणूस कापूस विकून बाजारात जातो आणि टेरिलिनचा शर्ट घेऊन येतो. उन्हाळ्यात हा शर्ट पाठीला फडक्यासारखा चिकटतो, बिडीची ठिणगी पडली की त्याला भोक पडतं, आणि घामाचा वास धुतला तरी जात नाही. पण तो चकाकतो. सिनेमातले लोक तो घालतात. म्हणून शेतकऱ्याच्या पोराला तो हवा. मी लिहिलं होतं की हा कपडा नसून अंगावर चढवलेली लाचारी आहे. तेव्हा मला राग लिहायला फार आवडायचं.

त्या वर्षांत पुरुषाने काय घालावं याचे नियम धुळ्यात किंवा जळगावात कुठे लिहून ठेवलेले नव्हते, पण मोडले तर लगेच कळायचं. सकाळी दूध आणायला लेंगा चालायचा. कचेऱ्या उघडल्या की लेंग्यात रस्त्यावर दिसणारा माणूस एकतर आजारी, नाहीतर बेकार. पट्ट्यापट्ट्याचा लेंगा ओट्यापुरता. शर्ट पँटीत खोचला तर कारकून, बाहेर सोडला तर रिकामा. मात्र बुशशर्ट शिवलाच बाहेर सोडायला असेल तर तो माणूस शौकीन. नायलॉनच्या शर्टाखाली बिनबाह्यांची बनियन दिसली पाहिजे, बाह्यांची बंडी दिसली तर हसं व्हायचं. आणि वयस्कर माणसाने टोपी घातल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. बोडक्या डोक्याचा म्हातारा दारात आला तर बायका आधी विचारायच्या, कोण गेलं?

आम्ही हे सगळे नियम मोडायला निघालो होतो. खादीचा झब्बा, पांढरा लेंगा, खांद्याला झोळी, पायात टायरच्या चपला. भरदुपारी आम्ही लेंग्यात हिंडायचो आणि कोणी बेकार म्हटलं तर भाषण द्यायचो. आता आठवतं की आमचेही नियम होतेच, आणि तेही तितकेच कडक. झब्ब्याची बटणं रंगीत नकोत. झोळीला आरसे नकोत. दाढी वाढलेली हवी पण वाढवलेली वाटायला नको. इस्त्रीला बंदी नव्हती, इस्त्री दिसायला बंदी होती.

पत्रकात एक परिच्छेद कापड दुकानांवर होता. धुळ्याच्या एका दुकानात आम्ही पाहिलं होतं की मालकाने विकणाऱ्या माणसांनाच दुकानातल्या कापडाचे शर्ट शिवून घालायला लावले होते. गिऱ्हाईक आलं की तागा उलगडायच्या आधी माणूस दाखवायचा. मी लिहिलं, 'हे शेठ लोक आपल्या नोकरांना शेतातल्या बुजगावण्यासारखे रंगीत कपडे घालून उभे करतात. फरक इतकाच की शेतातलं बुजगावणं पाखरांना हाकलतं आणि हे पाखरांना बोलावतं.' गटात हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्या पुढाऱ्याने मांडीवर थाप मारली. हा पुढारी आमच्यापेक्षा दोन वर्षं पुढे होता आणि त्याचा आवाज चौकाला पुरायचा. तो म्हणाला, हे वाक्य पाठ करा, हे ओरडायचं वाक्य आहे.

माझे वडील जळगावला कापडाच्या दुकानात होते. हे मी गटात कधी सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, अशी मी माझी समजूत घालून ठेवली होती.

वडिलांना घरीदारी सगळे नाना म्हणायचे, दुकानातही. मूळचे ते पारोळ्याकडच्या खेड्यातले. वाट्याला आलेल्या जमिनीत भागेना म्हणून तरुणपणीच जळगावला आले आणि एका मारवाडी पेढीवर राहिले. दुकानात ते धोतरजोडे, मांजरपाट, लुगडी विकायचे. धोतराचं पान बोटांत धरून सुताचा नंबर सांगायचे. पांढरं धोतर, पांढरा शर्ट, वर काळा कोट आणि काळी टोपी, हा त्यांचा वेष माझ्या जन्मापासून बदललेला नव्हता. मोठे शेठजी गेले आणि धाकट्यांनी दुकान हातात घेतलं, गादी-तक्के काढून लाकडी काउंटर केला, एवढं मला माहीत होतं. त्याने नानांच्या कपड्यांत काही फरक पडेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी जळगावला आलो. झोळीत पत्रकांचा गठ्ठा होता. गट पाठोपाठ येणार होता. शनिवारच्या बाजारात, गर्दीच्या दिवशी, कापडाच्या गल्लीत पत्रकं वाटायची असं ठरलं होतं. गल्ली कोणती ते पुढाऱ्याने ठरवलं. त्याच गल्लीत नानांचं दुकान. मी तोंड उघडलं नाही.

घरी आल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नाना सकाळी नेहमीसारखे धोतर-कोट-टोपीत निघायचे, पण हातात एक कापडी पिशवी असायची. संध्याकाळी ती परत यायची. आईला विचारलं तर तिने भाकरी थापण्याचा आवाज वाढवला.

दोन-तीन दिवसांनी नाना डबा विसरून गेले. आईने मला पाठवलं. मी गल्लीत शिरलो आणि समोरच्या दुकानाच्या पायरीवरून आत पाहिलं. काउंटरमागे एक माणूस उभा होता. त्याच्या अंगात निळ्या जमिनीवर मोठाली तांबडी फुलं असलेला टेरिलिनचा बुशशर्ट होता. कॉलर हातभर. कापड इतकं पातळ की आतली बाह्यांची बंडी, तिचा आतला खिसासुद्धा दिसत होता. डोकं बोडकं. कपाळावर टोपीने वर्षानुवर्षं आखलेली रेघ होती. रेघेखाली रापलेला काळा चेहरा आणि वर दुधासारखं पांढरं कपाळ. मला ते कपाळ माहीत नव्हतं. ते नाना होते हे मला त्यांच्या हातांवरून कळलं.

गिऱ्हाईक पारोळ्याकडचंच असावं, दोघं बापलेक. बापाने तागा पाहिला नाही. त्याने काउंटरवरून हात लांब केला आणि नानांच्या दंडावरचं कापड चिमटीत धरलं, चोळलं, थोडं ओढलं. मग कॉलर उलटी करून पाहिली. लेकाने पाठीवर कसं बसतं ते पाहायचं म्हटलं, तर नाना वळले. हात थोडे वर करून वळले. बाजारात बैल घेताना लोक असंच करतात.

मी आत गेलो नाही. डबा दुकानाच्या ओट्यावर बसणाऱ्या शिंप्याकडे दिला आणि घरी आलो. मला शेठजींचा राग आला पाहिजे होता. आलाही, पण नंतर. आधी मला नानांची लाज वाटली. अंगावरून पाल सरकावी तशी वाटली. पन्नाशी उलटलेला माणूस, माझा बाप, फुलाफुलांच्या शर्टात उघड्या डोक्याने गिरकी घेतो. मग त्या लाजेवर मी राग पसरला, कारण रागाचं काय करायचं ते मला शिकवलेलं होतं. मी मनाशी म्हटलं, आता तर याच गल्लीत पत्रकं वाटलीच पाहिजेत. नानांना यातून सोडवायचंय. हे वाक्य मला फार शोभलं. त्याच्या आड उभं राहून मी शनिवारपर्यंत वेळ काढला.

शनिवारी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही पोरं ओळीने दुकानासमोर उभे राहिलो. मी मुद्दाम मागे, खांबाजवळ. पुढाऱ्याने सुरुवात केली. लोक थांबले, कारण फुकट ऐकायला मिळत होतं. गर्दीतल्या एका शेतकऱ्याने पत्रक घेतलं, आमचे पांढरेशुभ्र लेंगे खालपासून वरपर्यंत पाहिले आणि अगदी सहज विचारलं, "भाऊ, हाई तुमनं कापड धोस कोन? इस्तरी कोन करस?"

लोक हसले. पुढाऱ्याने उत्तरादाखल गिरण्या, भांडवलदार आणि परदेशी तंत्रज्ञान यांवर बरंच सांगितलं. मी माझ्या झब्ब्याकडे पाहत होतो. तो आईने आदल्या दिवशी नीळ घालून धुतला होता आणि कोळशाच्या इस्त्रीने, मी सांगितलं होतं म्हणून, घडी दिसणार नाही अशा बेताने फिरवला होता.

धाकटे शेठजी पायरीवर आले. गोरे, शांत, तिशीतले. त्यांनी आम्हाला चहा विचारला. पुढाऱ्याने तो नाकारला आणि नेमकं तेव्हाच ते ओरडायचं वाक्य काढलं. काउंटरकडे बोट करून म्हणाला, "ते बघा बुजगावणं. पोटासाठी माणसाचं बुजगावणं केलंय यांनी." बाकीच्या पोरांनी तो शब्द उचलला. बुजगावणं, बुजगावणं. तालात. त्यांना काय माहीत की तो माणूस कोण. मला माहीत होतं. माझे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. हलत होते हे मात्र खरं.

शेठजी आत वळून म्हणाले, "नाना, जरा बघा हो. तुमच्याकडचीच पोरं दिसतात. काय म्हणणं आहे त्यांचं?"

नाना काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर आले आणि पायऱ्या उतरले. तेव्हा गल्लीने त्यांना सबंध पाहिलं. काउंटरच्या वर बुशशर्ट, खाली धोतर. काउंटरमागे खालचं अंग दिसत नाही म्हणून शेठजींनी पँटीचा आग्रह धरला नव्हता, आणि नानांनी धोतर सोडलं नव्हतं. फुलांच्या शर्टाखालून धोतराच्या निऱ्या, पोटऱ्या आणि जुने पंपशू. गल्लीत हास्याचा लोट उठला. ज्याने आम्हाला इस्त्री विचारली होती तोही हसला. आमची पोरंही हसली. घोषणा आपोआप थांबल्या, कारण हसताना ओरडता येत नाही.

नाना सरळ माझ्यापुढे आले आणि हात पुढे केला. मी पत्रक दिलं. त्यांनी ते लांब धरून वाचलं, ओठ हलवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांची शाळा मराठी चौथीपर्यंत. त्यांना वेळ लागला. सगळी गल्ली त्यांचं वाचून होण्याची वाट बघत उभी होती. बुजगावण्याच्या ओळीपाशी ते थांबले का, हे मी पाहत होतो. थांबले नाहीत. वाचून झाल्यावर घडी घातली, बुशशर्टाच्या खिशात ठेवली.

शेठजींनी विचारलं, "ओळखीचं आहे का कोणी?"

"नाही," नाना म्हणाले. "धुळ्याकडची दिसतात."

आणि पायऱ्या चढून आत गेले.

त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिणं जड जातंय, पण लाजेच्या आधी सुटकाच आली. गटाला कळलं नाही, शेठजींना कळलं नाही. पुढारी म्हणाला, म्हातारा चमत्कारिक होता. मी म्हणालो, हो.

संध्याकाळी नाना धोतर-कोट-टोपीत घरी आले. हात-पाय धुतले, जेवायला बसले. आईला काही माहीत नव्हतं. वांग्याचं भरीत होतं. नाना म्हणाले की तुमच्या कागदाचं लिखाण चांगलं आहे पण अक्षर बारीक आहे, खेड्यातल्या माणसाला वाचायला त्रास होतो. मी विचारलं, मला ओळखत नाही असं का सांगितलं?

त्यांनी घास गिळला. "तू सांगं नही," ते म्हणाले, "म्हनीसन मीबी सांगं नही."

मग आईकडे ताट सरकवून आणखी भरीत मागितलं. डब्याच्या दिवशी मी आत न येता पायरीवरूनच परतलो, तेही त्यांनी पाहिलं होतं, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी तसं म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती.

सरळ मनाचा कुठलाही पोरगा त्यानंतर गप्प बसला असता. मी पत्रकं वाचून मोठा झालो होतो. पत्रकात असं काही नसतं की चूक दुरुस्त करायची ती गुपचूप. जे खरं ते चौकात सांगायचं, एवढंच मला ठाऊक. बाप आपल्यासाठी खोटं बोलला, हे मला सहन होईना. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी सहन होईना. सोमवारी सकाळी दुकान उघडल्याबरोबर मी जाऊन उभा राहिलो. नाना मीटरच्या पट्टीने पॉपलीन मोजत होते. मी शेठजींना म्हणालो, शनिवारी ते पत्रक मी लिहिलेलं होतं, आणि हे माझे वडील आहेत.

नानांची पट्टी कापडावर थांबली. मान वर झाली नाही.

माझी अपेक्षा काय होती? शेठजी चिडतील, मी उत्तर देईन, नाना माझ्याकडे पाहतील. असंच काही. शेठजी चिडले नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं, पत्रकातली भाषा जोरकस असल्याचं सांगितलं, आणि मग नानांकडे वळले. आवाज न चढवता म्हणाले, "नाना, माझ्या वडिलांपासून तुम्ही इथे. मला का नाही सांगितलं? मी काय केलं असतं?"

नानांनी पट्टी उचलून काउंटरच्या कडेला लावून ठेवली.

"पोरगा बोलला, ठीक आहे. पोरांनी बोलावं. पण मी तुम्हाला विचारलं होतं, गल्लीसमोर. आणि तुम्ही नाही म्हणालात."

इतक्या वर्षांत दुकानात नानांना कोणी खोटं बोलताना पकडलं नव्हतं. आता पकडलं होतं, आणि पकडून देणारा मी होतो. मला वाटत होतं मी खरं सांगायला आलोय. मी फक्त एका माणसाला खोटा ठरवायला आलो होतो. त्यांच्या मानेवर घाम आला आणि पातळ टेरिलिन तिथे काळपट पडत गेलं. मी म्हणालो की ते माझ्यामुळे बोलले. शेठजी म्हणाले, ते मला समजतं. आणि थोड्या वेळाने, बहुतेक दयेने, ते म्हणाले, "शर्टाचं मनावर घेतलं असेल तर नका घालू नाना. मला आधी सांगायचंत. मागे धोतरजोड्यांकडे बसा, पूर्वीसारखं. पुढे मी दुसऱ्या कुणाला उभं करतो."

नानांनी कापड घडी घातलं. मागच्या खोलीत गेले आणि कोट-टोपीत बाहेर आले. बुशशर्ट काउंटरवर ठेवला, कॉलर सरळ करून. गिऱ्हाईकाला दाखवलेला माल ठेवतात तसा.

सुट्टीनंतर धुळ्यात मी शर्ट सुटल्याचं तेवढं सांगितलं, आणि आमच्या गटाने याला विजय म्हटलं. एका दुकानात नोकराला मन मारून घालावा लागणारा परका कपडा सुटला आणि त्याला त्याचं धोतर परत मिळालं, हे पुढच्या पत्रकात यावं असं ठरलं. मला लिहायला सांगितलं. मी दोनदा बसलो. मथळाही सुचला होता. तो सुचला याचीच लाज वाटली, आणि मी सांगितलं की मला ताप आहे.

पण त्याच्या आधी, सुट्टी संपायच्या आत, आईने मला जे सांगितलं ते सांगायचं राहिलं. मागच्या बाजूला धोतरजोड्यांकडे कोण येतं? म्हातारे, आणि लग्नसराईत थोडे लोक. नाना दिवसभर बसून असायचे. घरी येऊन बोलेनासे झाले. मी आईला समजावू लागलो की ते आता स्वतःच्या कपड्यांत आहेत, कोणी त्यांच्या अंगाला हात लावत नाही. आई धुणं पिळत होती. ती माझ्याच झब्ब्याचं पाणी काढत म्हणाली, "तुला कोणी सांगितलं त्यांना ते नको होतं?"

मग तिने सांगितलं. सुरुवातीला नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पहिल्या दिवशी टोपी काढताना डोळ्यांत पाणी आलं, हे त्यांनीच तिला सांगितलं. पण महिनाभरात गिऱ्हाइकं 'फुलांच्या शर्टवाले नाना' म्हणून विचारत यायला लागली. एरंडोलपासून लोक यायचे. गादीच्या जमान्यात नाना कायम मागच्या ओळीत. पुढे कधी बसवलं नव्हतं. आता शेठजी त्यांना विचारून माल मागवायला लागले, नाना, निळा घेऊ की चहाचा रंग? आणि घरी आल्यावर नाना पिशवीतून शर्ट काढून आईला दाखवायचे. हा धुवायला सोपा आहे म्हणायचे, पिळायला लागत नाही, रात्री टाकला की सकाळी तयार, तुझे हात वाचतील. रस्त्याने घालून यायला मात्र लाजायचे. मी आल्यावर तर पिशवी खुंटीला न लावता पेटीमागे ठेवायला लागले.

मी म्हणालो, मला काय माहीत.

"विचारायचं असतं," आई म्हणाली, आणि झब्बा झटकून दोरीवर टाकला.

मी त्या दिवशी स्वतःचे कपडे स्वतः धुवायला घेतले. तिसऱ्या दिवशी लेंगा पिवळा पडला आणि आईने तो न बोलता परत नेला. याहून अधिक त्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

दिवाळीला दुकानातून प्रत्येक माणसाला कापड मिळायचं, ज्याला जे हवं ते. नाना दरवर्षी धोतरजोडा आणायचे. त्या वर्षी ते आले आणि त्यांनी पुडकं उघडलं तर त्यात टेरिलिनचा तुकडा होता. शेंदरी जमिनीवर हिरवी पानं. त्यांनी तो स्वतः मागून घेतला होता. शेठजींनी पुन्हा पुढे उभं राहता का म्हणून विचारलं, तर नाही म्हणाले. त्या जागी आता दुसरा, तरुण माणूस होता आणि त्याला उठवणं त्यांना बरं वाटलं नाही. पण तुकडा घेतला. ओट्यावरच्या शिंप्याने पाडव्यापर्यंत बुशशर्ट शिवून दिला.

पाडव्याला सकाळी नाना धोतर नेसले, वर तो बुशशर्ट चढवला, बाहेर सोडला, आणि डोक्यावर काळी टोपी घातली. पिशवी घेतली नाही. मला म्हणाले, चल, चार घरी जाऊन येऊ.

मी खादीच्या झब्ब्यात होतो. दारातून बाहेर पडताना मी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर तो शर्ट त्यांना शोभत नव्हता. कुठल्याच नियमात बसत नव्हता, ना त्यांच्या, ना शेठजींच्या, ना आमच्या. शेजारच्या ओट्यावरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. सायकलवरून जाणारा एकजण वळून वळून बघत गेला. कोणीतरी हाक मारली, "नाना, आज सिनेमात का?" आणि नाना त्याला म्हणाले, "तिकीट काढ, मग सांगतो." ते हसत होते. कान मात्र लाल झाले होते, आणि चाल नेहमीपेक्षा भराभर होती.

हे सगळं कळून, आईने सगळं सांगून झाल्यावरही, त्यांच्या शेजारून चालायला माझे पाय तयार नव्हते. लाज विचारांना विचारून येत नाही. मी मागे पडत गेलो. आधी एका माणसाइतका, मग दोन दुकानांइतका. मधे गर्दी आली याचं मला बरं वाटलं.

गल्लीच्या तोंडाशी ते थांबले आणि वळून उभे राहिले, भररस्त्यात, ऊन शेंदरी शर्टावर. येणारेजाणारे त्यांना वळसा घालून जात होते. ते हलले नाहीत. मी जवळ येईपर्यंत थांबले आणि माझ्या पायांकडे बघून म्हणाले,

"चाल ना. तुना लेंगा पायमां अडकस का?"

मी नाही म्हणालो आणि त्यांच्या बरोबरीने चालायला लागलो. माझा चेहरा तापला होता. पहिल्या घरापर्यंत मी तो खालीच ठेवला.